बी-३०४ होल्डवर

२२ मार्च २०२०, रविवार

पाच वाजता थाळ्या वाजवल्या. डॉक्टर, नर्स, सफाईवाले या सगळ्यांच्या मानासाठी. चेअरमन म्हणून नियोजन माझ्याकडे होतं. आधी ए विंग, मग बी, शेवटी सगळ्यांनी मिळून, असा क्रम मी ग्रुपवर टाकला होता. पण या लोकांना शिस्त म्हणून नाही. पाच वाजायच्या आधीच सी विंग सुटली आणि मग सगळ्यांनीच धुमाकूळ घातला. शेवटी मीही माझं ताट बडवून घेतलं.

एकाच हाताने, ताट गॅलरीच्या कठड्यावर टेकवून. डाव्या हातावर ताण चालत नाही, तिथे फिस्टुला आहे. डायलिसिसच्या सुया टोचायला डॉक्टर धमनीला शीर जोडून ती जाड करून देतात, तिला फिस्टुला म्हणतात. बोट ठेवलं तर आत कंप्रेसर चालू असल्यासारखी घरघर लागते. सोसायटीत हे माझी बायको सुभद्रा सोडून कुणाला ठाऊक नाही. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी मी सकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गाडी काढतो, तेव्हा लोक समजतात की चाकणच्या कंपनीने रिटायर झाल्यावरही मला सल्लागार म्हणून ठेवलंय. मी तसं कधी सांगितलेलं नाही. कुणी म्हटलं तर नाही म्हणत नाही, एवढंच. एकदा आजार कळला की माणसं चेअरमनला नियम विचारत नाहीत, तब्येत विचारतात.

२६ मार्च, गुरुवार

निगडी ते चिंचवड रस्ता मोकळा, एक माणूस नाही. जन्मात पहिल्यांदा वाटेत कुणाला शिव्या घातल्या नाहीत. नाक्यावर हवालदाराला सेंटरचं कार्ड दाखवलं, त्याने सॅल्यूटच ठोकला. बहुतेक मला डॉक्टर समजला.

आमचं सेंटर एका ट्रस्टचं, लहानसं. दोन बॅच चालतात. सकाळची बॅच बुद्धरत्न नावाचा टेक्निशियन बघतो. दापोडीचा पोरगा, वडील माझ्यासारखेच कंपनीत होते, त्यामुळे मशीनची कदर आहे. संध्याकाळची बॅच कुणा मॅडमकडे असते. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

माझ्या शेजारच्या बेडवर रोहिदास असतो. निगडीच्या बसस्टँडपाशी त्याची शहाळ्यांची गाडी आहे, म्हणजे होती, आता बंद. आम्हा लोकांना पाणी मोजून प्यायचं असतं, दर पाळीला वजन करून अंगात साठलेलं पाणी मशीनने काढतात, आणि शहाळं तर सक्त बंद. त्यातल्या पोटॅशियमने हृदय थांबू शकतं, हे बुद्धरत्न दर महिन्याला नव्याने सांगतो. रोहिदास हसतो. "साहेब, जलमभर लोकास्नी शाळी पाजली, अन् माझ्याच जिवाला ती चालंना." माणूस गमतीचा आहे, पण आज सारखा खोकत होता. मी बुद्धरत्नला बाजूला बोलावून सांगितलं की याला माझ्या शेजारून हलव.

"काका, तो कोरोनाचा खोकला नाही. त्याच्या छातीत पाणी साठतं, म्हणून खोकतो."

"खोकला तो खोकला," मी म्हणालो.

ऐकेना म्हणून घरी येऊन ट्रस्टच्या ऑफिसला फोन केला. तिथले साहेब माझ्या ओळखीचे आहेत.

३१ मार्च, मंगळवार

रोहिदासला संध्याकाळच्या बॅचला टाकलं. शेजारचा बेड रिकामा होता, फार प्रसन्न वाटलं. बोलायला मात्र कुणी नव्हतं.

११ एप्रिल, शनिवार

सोसायटीत टॅग सिस्टीम चालू केली. कंपनीत तीस वर्षं हेच केलं. माल आला की तपासायचा. चांगला असेल तर हिरवा टॅग, संशय असेल तर पिवळा, म्हणजे होल्ड, आणि खराब असेल तर लाल टॅग लावून लाल पेटीत. होल्डचा माल कुणीही हलवायचा नाही, मालक आला तरी नाही. आता गेटवर भाजी, दूध, पार्सल सगळ्याला टॅग. वॉचमन नवनाथला शिकवायला तीन दिवस गेले. त्याने परवा माझ्याच गाडीला पिवळा टॅग लावला. त्याची चूक नाही, मी बाहेरून आलो होतो. पण चेअरमनच्या गाडीचं वेगळं असतं, हे समजावून सांगितलं.

सेक्रेटरी प्रज्वल आयटीवाला आहे, घरूनच काम करतो, त्याला माझ्या सिस्टीमचं फार कौतुक. आज विचारत होता, "काका, लॉकडाऊनमध्येपण कंपनी बोलावते तुम्हाला?"

"मशीन बंद ठेवून चालत नाही," मी म्हणालो. यात खोटं काहीच नाही.

आणखी एक शिस्त लावली. ग्रुपवर आणि गेटवर नावं नाहीत, फक्त फ्लॅट नंबर. नावं घेतली की माणूस भिडेत पडतो. नंबर घेतला की काम होतं.

१८ एप्रिल, शनिवार

काल रात्री बी-३०४ ला सोडायला अँब्युलन्स आली होती. सी विंगमधल्या दोघांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत नुसता कल्ला. बी-३०४ म्हणजे भाड्याने राहणारी ती परभणीकडची एकटी मुलगी. कुठल्याशा दवाखान्यात आहे. मी तिला जिन्यात एकदोनदा पाहिली असेल.

कमिटीचं फोनवरच एकमत झालं. चौदा दिवस होल्ड. मी स्वतः जाऊन दारावर पिवळा टॅग लावला आणि दाराबाहेरच्या ग्रिलला कुलूप घातलं. मुलगी दारात आली.

"काका, गाड्या बंद हायेत म्हणून अँब्युलन्सवाल्यानं सोडलं. मी कोरोनाच्या वॉर्डात न्हाई. मी गेले न्हाई तर माझे पेशंट अडकतेत."

मी म्हणालो, पेशंटसाठी दवाखान्यात माणसं असतात, सोसायटीसाठी मी एकटाच आहे.

तर म्हणते, "दुसऱ्यांचं सोडा. तुम्ही तरी समजून घ्या."

आणि बघत कुठे होती, तर माझ्या डाव्या बाहीकडे. मोठ्या माणसाशी बोलताना डोळ्यांत बघून बोलावं, एवढी रीत नाही आजच्या मुलींना. 'तुम्ही तरी' म्हणजे काय? मी काय तिचा मामा लागतो?

सुभद्रा म्हणाली, "अहो, कुठल्या दवाखान्यात आहे, काय करते, विचारलंत का?"

"सगळे दवाखाने सारखेच."

"मग तुम्ही सकाळी कुठे जाता?"

हा प्रश्न नियमाला धरून नव्हता. नियम दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी आहे. मी तिथे काम करत नाही, नुसता पडून असतो.

२१ एप्रिल, मंगळवार

सेंटरवर वेगळंच नाटक. संध्याकाळच्या योगिनी मॅडम आलेल्याच नाहीत. बुद्धरत्न म्हणाला, त्यांच्या सोसायटीने त्यांना घरात कोंडून बाहेरून कुलूप घातलंय. दुसरा टेक्निशियन आधीच गावाला अडकलाय. त्यामुळे आता सगळं एकट्या बुद्धरत्नवर.

मी थक्कच झालो. अरे, थाळ्या कशाला वाजवल्या मग? बुद्धरत्नला म्हणालो, "कोण हा चेअरमन? नाव सांग, नंबर दे. मीही एक सोसायटी चालवतो, त्याला दोन शब्दांत सरळ करतो."

"मॅडम नाव सांगत नाहीत, काका. म्हणाल्या, सांगून काही होणार नाही."

हीच चूक करतात या मुली. अशा माणसांना वेळीच बोललं पाहिजे. आमच्याकडे होल्ड आहे, पण ते पद्धतशीर आहे. दूध वेळेवर दारात जातं, वर टॅग बघून जातं.

परिणाम असा की संध्याकाळची बॅच बंद. ते सगळे पेशंट सकाळच्यात घुसवायचे, म्हणून प्रत्येकाची आठवड्याची एक पाळी कमी करणार म्हणे. मी म्हणालो, माझ्या पाळीला हात लावायचा नाही. पुन्हा ट्रस्टला फोन. माझ्या तिन्ही पाळ्या कायम. ओळख असली की कामं होतात, त्यात गैर काय आहे? मी कुणाचं काढून घेतलेलं नाही, माझं होतं तेच ठेवलं.

२५ एप्रिल, शनिवार

बुद्धरत्नचे डोळे लाल. पीपीई किट घालून सकाळपासून रात्रीपर्यंत तोच. त्या किटमध्ये पाणी पिता येत नाही. मी म्हणालो, तू पण आमच्यासारखाच झालास. बिचारा हसला. मी त्याला कंपनीतला नियम सांगितला. शिफ्ट संपली तरी रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. एकदा मी लागोपाठ दोन शिफ्ट उभा होतो, रिलीव्हरचं लग्न होतं आणि तो सांगायला विसरला होता.

"तुमच्या मशीनवर लोखंड होतं ना, काका," बुद्धरत्न म्हणाला. "इथं सोडताच येत नाही."

माझी सुई लावून होत होती, तेवढ्यात रोहिदास दारात उभा. आज त्याची पाळी नव्हती. एखादा बेड रिकामा असेल तर बघावं, म्हणून निगडीच्या ओटा स्कीम वस्तीपासून चालत आला होता. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या, दोन शब्द बोलला की थांबत होता. बेड रिकामा नव्हता. बुद्धरत्न म्हणाला, शेवटी कुणाचा अर्धा तास वाचला तर लावतो. मी घड्याळाकडे पाहिलं. माझे चार तास म्हणजे चार तास, डॉक्टरांनी लिहून दिलंय.

रोहिदासच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. साहेबांचं हूं द्या नीट. माझं काय, मी मंगळवारी येतो की. योगिनीताई असत्या तर त्यांनी कुटंतरी बसवलं असतं मला." मग मला नमस्कार करून जिना उतरला. गरीब माणूस, पण रीत आहे. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. उद्या अक्षय्य तृतीया, सुभद्रेने आंब्याचा विषय काढला नाही.

ती हल्ली भाकऱ्या जास्त करते. कारण विचारलं तर गच्चीवर कावळे येतात म्हणाली. कावळ्यांना पिठलं कशाला लागतं, कळलं नाही. आणि बी-३०४ च्या कुलपाची एक किल्ली माझ्या जुडग्यात दिसत नाही. नवनाथला विचारलं पाहिजे.

२८ एप्रिल, मंगळवार

रोहिदास गेला.

रविवारी त्याला दम लागला. दोन दवाखान्यांनी आधी कोरोनाची तपासणी करून या म्हणून दारातूनच परत पाठवलं. रिपोर्ट यायच्या आत गेला. सोमवारी रिपोर्ट आला, कोरोना नव्हता. छातीत नुसतं पाणी होतं. वेळेवर मशीनला लावला असता तर ते निघालं असतं, बुद्धरत्न म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. किटमध्ये माणूस रडला तर कळत नाही, चष्म्याला वाफ धरते तेवढीच दिसते.

मी फार संतापलो. इतका की मशीनने प्रेशरचा अलार्म दिला. म्हणालो, हा खून आहे. त्या सोसायटीच्या चेअरमनवर गुन्हा दाखल झाला पाहिजे. स्वतःच्या गेटवर राजा होऊन बसायचं आणि इकडे शहाळीवाला माणूस मरतोय याची त्याला गंधवार्ता नाही! तो रात्री झोपतो कसा? मी बुद्धरत्नला सांगितलं की मॅडमना फोन लाव, मी स्वतः बोलतो, पोलिसांत माझी ओळख आहे.

त्याने लावला. कोपऱ्यात जाऊन बोलला. परत आला तेव्हा म्हणाला, "मॅडमनी विचारलं, कुठले पेशंट बोलतायत. मी तुमचं नाव सांगितलं. मग म्हणाल्या, काकांना म्हणावं शांत पडून राहा, प्रेशर वाढेल."

मुलगी चांगली आहे. एवढ्या त्रासातही पेशंटचा विचार.

२ मे, शनिवार

आज बी-३०४ चा होल्ड संपला. दरम्यान सरकारचा आदेशही आला होता की दवाखान्यात काम करणाऱ्यांना सोसायट्यांनी अडवायचं नाही. आदेशामुळे नव्हे, आपली मुदत संपली म्हणून सोडतोय, हे मी ग्रुपवर स्पष्ट केलं. सेंटरवरून परत आल्यावर स्वतः कुलूप काढलं, दारावर हिरवा टॅग लावला. मुलगी बॅग घेऊन तयारच होती. आभार मानेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "काका, आज तुमचं वजन किती निघालं?"

मला काही समजेना. मी म्हटलं, माझ्या वजनाशी तुला काय करायचंय? ती धडाधड जिना उतरून गेली. कोंडून राहिल्यामुळे डोक्यावर परिणाम झाला असावा.

५ मे, मंगळवार

सेंटरवर आनंदीआनंद. योगिनी मॅडम शनिवार संध्याकाळपासून हजर. संध्याकाळची बॅच सुरू. बुद्धरत्न दाढी करून आला होता. म्हटलं, बघ, त्या चेअरमनला कुणीतरी सरळ केलेलं दिसतंय. तो म्हणाला, असेल.

रोहिदासच्या बेडवर आता तळेगावचे एक मास्तर असतात. व्याकरण सोडून दुसरं बोलत नाहीत.

१० ऑगस्ट, सोमवार

मधले महिने लिहिण्यासारखं काही नव्हतं. सोसायटीत चार केसेस झाल्या, चौघेही बरे झाले. चौघांचंही मूळ सी विंग.

आज प्रज्वल पेढे घेऊन आला. कमिटीने ठरवलंय की पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर माझा कोरोना योद्धा म्हणून सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. मी खूप नको नको म्हणालो. मग सन्मानपत्रातल्या दोन ओळी सुधारून दिल्या.

शनिवार म्हणजे माझी पाळी. पण त्या दिवशी सेंटरही झेंडावंदनामुळे दहाला उघडणार आहे. बुद्धरत्न स्वतःच पॉझिटिव्ह येऊन घरी पडलाय, त्यामुळे सकाळची बॅचही मॅडमच घेणार. चला, एकदा दर्शन होईल. त्या चेअरमनचं नाव त्यांच्या तोंडून काढून घेतोच.

१५ ऑगस्ट, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

आठला झेंडा झाला. खुर्च्या लांबलांब मांडल्या होत्या, खुणा मीच आखलेल्या. प्रज्वलने माइक घेतला आणि माझ्याबद्दल बरंच बोलला. टॅग सिस्टीमला टाळ्या पडल्या. मग म्हणाला, आपल्या चेअरमनसाहेबांचा सत्कार एका खऱ्या आरोग्यसेविकेच्या हस्ते व्हावा अशी कमिटीची इच्छा होती, आणि त्यासाठी ज्यांनी होल्डच्या काळात पूर्ण सहकार्य केलं अशा बी-३०४ च्या...

आणि मग आमचा नियम मोडून त्याने नाव घेतलं. योगिनी. चिंचवडच्या डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहेत, असंही म्हणाला.

मला टाळ्या ऐकू येईनात. ती समोरून चालत आली. तिने माझ्या खांद्यावर शाल घातली, घालताना डाव्या हाताला धक्का लागू दिला नाही. नारळ हातात दिला. फोटोसाठी जरा जवळ उभी राहिली आणि मास्कमधून, मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "काका, यातलं पाणी प्यायचं न्हाई, बरं का. दहाला या. मी पुढं जाऊन मशीन लावून ठेवते."

प्रज्वलने माइक माझ्या हातात दिला. बोलायला उतरवून आणलेलं भाषण खिशात होतं. समोर सगळी सोसायटी बसलेली. सुभद्रा पहिल्या रांगेत, पदर तोंडाला लावून. सांगता आलं असतं. मला ते सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं. मी धन्यवाद म्हणालो, आणि सहकार्य असंच राहू द्या म्हणालो. पुन्हा टाळ्या झाल्या.

दहाला सेंटरवर गेलो. नारळ गाडीतच मागच्या सीटवर ठेवला. शाल अंगावर तशीच राहिली होती, काढायचं सुचलं नाही.

"बरं केलं आणली," ती म्हणाली. "एसीत तुम्हाला थंडी वाजते. बुद्धरत्ननं लिवून ठेवलंय."

तिने वजन घेतलं, दोन किलो वाढलं होतं, त्यावरून रागावली. बाही वर केली. हात धुतला, फिस्टुलावर बोटं ठेवून घरघर पाहिली. एवढ्या जवळून ती फार लहान वाटत होती, आमच्या मुलीपेक्षाही लहान.

मी विचारलं, "तू कुणाला सांगितलं का नाहीस? मी सेंटरला येतो म्हणून? एका मिनिटात कुलूप निघालं असतं."

"पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं, काका."

"मला तरी सांगायचं होतंस."

"तुम्हाला सांगितलं की मी. दारात."

मास्तर पलीकडे छताकडे बघत पडले होते. तिने सुईचं टोपण काढलं. मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं.

"रोहिदास तुझ्या बॅचला होता ना?"

"हो." ती सुईकडेच बघत होती. "तुम्ही पाठवला होता की त्याला माझ्याकडं. हात हलवू नका, काका."

मी म्हणालो, मी हलवत नाहीये.